वाचकांचे प्रश्न : निमखाऱ्या पाण्यातला पफर

प्रश्न : मुलीच्या हट्टामुळे हिरवट-पिवळ्या अंगावर काळे ठिपके असलेले दोन पफर मासे आणले. ते गोड्या पाण्यातच राहतात, हवे तर अधूनमधून मूठभर मीठ टाका, असे दुकानदाराने सांगितले. टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि सव्वा फूट उंच असून पाणी महापालिकेच्या नळाचे आहे. काही दिवसांपासून एका माशाचे पांढरे पोट काळसर दिसते आणि तो सारखा काचेला तोंड लावून वर-खाली फिरतो. मीठ नेमके किती घालावे? घरातले खडेमीठ चालेल का? की कंबोईला स्तंभेश्वराच्या दर्शनाला जाऊ तेव्हा समुद्राचेच पाणी कॅनमध्ये भरून आणावे?
– एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : आपण केलेल्या वर्णनावरून हा ग्रीन स्पॉटेड पफर, म्हणजे डायकोटोमिक्टेरे निग्रोव्हिरिडिस असावा, जुन्या पुस्तकांत तो टेट्राओडॉन निग्रोव्हिरिडिस या नावाने सापडतो. पृष्ठवंशीय प्राण्यांतील अतिशय लहान जनुकसंचांपैकी एक याचा असल्यामुळे संशोधकांनी त्याची मुद्दाम निवड केली होती आणि 2004 मध्ये त्याच्या जनुकसंचाचा आराखडा प्रसिद्ध झाला. प्रयोगशाळेत इतका मान मिळालेला हा मासा दुकानात मात्र बहुधा चुकीच्या माहितीसह विकला जातो. दक्षिण आणि आग्नेय आशियातील खाड्या, नदीमुखे आणि खारफुटी हे त्याचे घर आहे. त्याची पिल्ले गोड्या पाण्यात काही काळ तग धरतात, त्यामुळे दुकानदाराचे म्हणणे सुरुवातीला खरे वाटते. पण वाढत्या वयाबरोबर त्याला अधिकाधिक खारे पाणी लागते.

पोट काळवंडणे आणि काचेला घासत फिरणे ही ताणाची लक्षणे आहेत. आपण लगेच मिठाकडे वळाल, परंतु पहिली तपासणी अमोनियाची करावी. पफर मांसाहारी आणि सांडून खाणारा असल्याने टाकीत अमोनिया लवकर साठतो. पाण्याचा सामू (पीएच) वाढला की त्याच अमोनियाचा विषारी भाग वाढतो, आणि मरीन सॉल्ट, म्हणजे सागरी मत्स्यालयासाठी मिळणारे मीठ, घातल्यावर सामू वाढतोच. म्हणजे घाण पाण्यात मीठ घातले तर माशाचा त्रास कमी होण्याऐवजी वाढेल. टेस्ट किटमध्ये अमोनिया किंवा त्यापासून बनणारे, तितकेच घातक नायट्राइट दिसल्यास आधी दोन-तीन दिवस रोज चौथा हिस्सा पाणी बदलावे. आजव्याच्या सरोवराचे असो वा महीच्या विहिरींचे, नळाला येते ते क्लोरीनयुक्त असते. म्हणून नवे पाणी क्लोरीन घालवणाऱ्या सोडियम थायोसल्फेटचे थेंब घालूनच टाकीत ओतावे, एरवी फिल्टरमधले अमोनिया पचवणारे उपयुक्त जिवाणू मरतात आणि अमोनियाचे चक्र पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

आता मिठाविषयी. मुठीचे किंवा चमच्याचे माप येथे उपयोगाचे नाही; पाण्याचे विशिष्ट गुरुत्व, म्हणजे गोड्या पाण्याच्या तुलनेत ते किती जड आहे, हे मोजावे लागते. गोड्या पाण्याचे ते 1.000 आणि समुद्राच्या पाण्याचे सुमारे 1.025 असते. आपल्या माशांसाठी प्रथम 1.005 हे लक्ष्य ठेवावे, मग ते वाढतील तसे 1.010 आणि पूर्ण वाढीनंतर 1.015 किंवा त्याहून थोडे अधिक. आठवड्याला 0.002 पेक्षा जास्त वाढ करू नये, कारण माशाला सोसले तरी फिल्टरमधल्या जिवाणूंना खाऱ्या पाण्याशी जुळवून घ्यायला वेळ लागतो. 1.005 साठी लिटरला साधारण सात ते नऊ ग्रॅम मीठ लागते. आपल्या टाकीत साठ लिटर पाणी धरले तर एकूण जेमतेम अर्धा किलो होते, आणि तेही एकदम न घालता तीन आठवड्यांत विभागून घालायचे. मीठ नेहमी वेगळ्या बादलीत पूर्ण विरघळवावे आणि पाणी बदलताना त्या पाण्यातूनच टाकीत आणावे. कोरडे मीठ माशांवर कधीही टाकू नये.

मोजण्यासाठी काटा फिरणारा हायड्रोमीटर स्वस्तात मिळतो, परंतु त्याच्या काट्याला हवेचे बुडबुडे चिकटले की तो वर उचलला जातो आणि आकडा खऱ्यापेक्षा जास्त दाखवतो. शिवाय ही साधने बहुधा पंचवीस अंशांच्या आसपासच्या पाण्यासाठी आखलेली असतात, आणि बडोद्याच्या उन्हाळ्यात टाकीचे पाणी बत्तीस अंशांवर गेले की तेच पाणी हलके होऊन आकडा कमी दाखवते. पाण्यातून प्रकाश किती वळतो त्यावरून खारेपणा मोजणारा आणि तापमानाचा फरक स्वतःच भरून काढणारा रिफ्रॅक्टोमीटर थोडा महाग असला तरी माझा कौल त्यालाच आहे.

घरातले खडेमीठ पुरेसे नाही. देशातले बहुतेक मीठ आपल्या गुजरातच्याच आगरांत पिकते, तेव्हा ही कल्पना सुचणे स्वाभाविक आहे. पण आगरात सोडियम क्लोराइडचे खडे धरल्यावर उरलेले कडू पाणी काढून टाकतात, आणि मॅग्नेशियमचे क्षार त्या पाण्याबरोबरच जातात. खडेमिठाने पाणी खारट होईल, परंतु कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि सामू स्थिर ठेवणारे कार्बोनेट त्यातून मिळणार नाहीत. म्हणून मरीन सॉल्टच वापरावे. तळाशी पोवळ्याचा चुरा पसरल्यास सामू 7.8 ते 8.3 च्या आसपास टिकायला मदत होते.

कंबोईचे पाणी आणू नये. खंभातच्या आखातात भरती-ओहोटीचा फरक प्रचंड असतो आणि मही, साबरमती, नर्मदा, तापी या नद्यांचा गाळ तेथेच येतो. त्यामुळे पाणी गढूळ तर असतेच, शिवाय त्याचा खारेपणा ऋतूनुसार आणि तासागणिक बदलतो. उद्योगांचे सांडपाणीही त्या आखातात जाते. देवदर्शन अवश्य करावे, कॅन घरी ठेवावा.

मे महिन्यात बाष्पीभवन वाढते, आणि पाणी उडून गेले तरी मीठ मागे राहते. काचेवर पातळीची खूण करून ठेवावी आणि घटलेले पाणी मीठ नसलेल्या, क्लोरीन काढलेल्या गोड्या पाण्यानेच भरावे. मिठाचे पाणी फक्त टाकीतून काढलेल्या पाण्याच्या जागी घालायचे असते. हा एक भेद न कळल्यामुळे अनेक टाक्या पावसाळ्यापूर्वीच जवळजवळ समुद्र होऊन बसतात. गरम आणि खाऱ्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, म्हणून उन्हाळ्यात एअर पंप अखंड चालू ठेवावा. पृष्ठभागावरून छोटा पंखा फिरवल्यास तापमान दोन-तीन अंश उतरू शकते.

एक अप्रिय गोष्टही सांगावी लागेल. हा मासा पंधरा सेंटिमीटरपर्यंत वाढतो आणि वाढत्या वयात शेजाऱ्याचे पर कुरतडतो. आपली टाकी एकासाठीही पुढे अपुरी पडेल. निदान तीन फुटांची टाकी घेऊन त्यात एकच मासा ठेवावा आणि दुसऱ्याची सोय जाणकाराकडे करावी. विश्वामित्रीत किंवा सुरसागरात सोडण्याचा विचारही करू नये. हलवताना जाळीने पाण्याबाहेर उचलू नये. घाबरून तो फुगला आणि पोटात पाण्याऐवजी हवा गेली, तर ती बाहेर टाकणे त्याला जड जाते. पाण्याखालीच डबा धरून त्यात त्याला हाकावे.

प्रश्न : आमच्या घरात मांसाहार होत नाही, सासूबाई फ्रिजमध्ये कोळंबी ठेवू देणार नाहीत. पफरला कोरडे दाणे दिले तर चालेल का?
– एक वाचक, रावपुरा, बडोदे

उत्तर : चालणार नाही. पफरचे चार दात जोडले जाऊन पोपटासारखी चोच तयार होते आणि ती आयुष्यभर वाढत राहते. कवचाचे अन्न फोडताना ती झिजते. तसे अन्न मिळाले नाही तर दात इतके वाढतात की मासा समोरचा घासही घेऊ शकत नाही आणि उपाशी मरतो. मग माशाला भूल देऊन दात कापावे लागतात, आणि ते नवशिक्याने घरी करण्याजोगे काम नाही.

सासूबाईंची अडचण सुटण्यासारखी आहे. एका वेगळ्या बरणीत शंखाच्या लहान गोगलगायी पाळाव्यात. उकळत्या पाण्यातून काढलेला पालक आणि काकडीच्या चकत्या यांवर त्या भराभर वाढतात, आणि फ्रिजला हात लावावा लागत नाही. जिवंत गोगलगाय माशाला खाऊ घालणे घरात मान्य होईल का, हे मात्र आपणच आधी विचारून घ्यावे. ते मान्य नसल्यास हा मासा आपल्या घरासाठी नाही. तळ्यातून आणलेल्या गोगलगायी थेट देऊ नयेत, त्यांच्याबरोबर परजीवी येऊ शकतात. खाऱ्या पाण्यात त्या फार काळ जगत नाहीत, तेव्हा मासा लगेच खाईल इतक्याच सोडाव्यात आणि उरलेल्या काढून घ्याव्यात.

प्रश्न : पफर विषारी असतो असे ऐकले. घरात पाच वर्षांचा नातू आहे. शिवाय मिठाची उठाठेव नको असेल तर एखादा गोड्या पाण्यातला पफर आहे का?
– एक वाचक, अलकापुरी, बडोदे

उत्तर : पफर कुळातील माशांचे टेट्रोडोटॉक्सिन हे विष त्यांच्या अवयवांत असते आणि मासा खाल्ल्यास बाधते, शिजवूनही ते नष्ट होत नाही. टाकीतल्या पाण्याला हात लागल्याने बाधा होत नाही. खरी काळजी चाव्याची करावी, कारण गोगलगायीचे कवच फोडणारी चोच लहान बोटाला चांगलीच जखम करते. टाकीला झाकण असावे, आणि मेलेला मासा मांजरीच्या तोंडी लागू देऊ नये.

गोड्या पाण्यासाठी आपल्याच देशातला बुटका पफर, कॅरिनोटेट्राओडॉन ट्रॅव्हन्कोरिकस, आहे. होरा आणि नायर यांनी 1941 मध्ये केरळातील पंबा नदीतून त्याची नोंद केली. तो जेमतेम अडीच ते साडेतीन सेंटिमीटरचा असतो आणि त्याला मीठ मुळीच लागत नाही. मात्र दाट वनस्पती, स्वच्छ पाणी आणि लहान गोगलगायी लागतात. बाजारात येणारे बरेच मासे नद्यांतून पकडलेले असतात आणि ही जात संकटग्रस्त यादीत आहे, तेव्हा घरी पैदास केलेली पिल्ले कोणाकडे मिळतात का, याची आधी चौकशी करावी.