घरी शिकणाऱ्या मुलांसाठी साधने निवडताना

मुलांना शाळेत न पाठवता घरीच शिकवण्याचा निर्णय घेतलेले पालक बहुधा पहिल्याच आठवड्यात पुस्तकांच्या, ॲपच्या आणि संकेतस्थळांच्या लांबलचक याद्या गोळा करू लागतात. त्याआधी आपण ज्या देशात राहतो तेथील कायदा वाचणे आवश्यक आहे. जर्मनीत शाळेत जाणे सक्तीचे असून अगदी मोजक्या अपवादांखेरीज घरी शिकवता येत नाही; इंग्लंडमध्ये मात्र ती मुभा आहे आणि राष्ट्रीय अभ्यासक्रम पाळण्याचे बंधनही पालकांवर नाही. अमेरिकेत तर राज्यागणिक नियम बदलतात. टेक्सासमध्ये शिक्षण खात्याकडे नोंदणी करावी लागत नाही, तर पेनसिल्व्हेनियात तिसरी, पाचवी आणि आठवीच्या वर्षी मुलाला प्रमाणित चाचणी द्यावी लागते. चाचणी असेल तर तिच्यात कोणते विषय येतात यावरून निम्मी निवड आपोआप होते.

गणितासाठी एकच क्रमवार साधन धरावे आणि ते वर्षभर सोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. खान अकॅडमी हे शिकवणीचे संकेतस्थळ विनामूल्य आहे आणि मूल कोठे अडले हे ते नेमके दाखवते. छापील पुस्तक अधिक रुचत असेल तर तेही चालेल. दर दोन महिन्यांनी साधन बदलणाऱ्या घरांत अपूर्णांक तीनदा सुरू होतात आणि एकदाही पूर्ण होत नाहीत.

खरी अडचण मराठीची असते. बहुतेक कुटुंबे मराठीला आठवड्यातून एक-दोन तास देतात, त्या तासात मुळाक्षरे, जोडाक्षरे आणि शुद्धलेखन उरकतात, आणि बाकीचे सगळे ज्ञान इंग्रजीतून येत असल्याने मुलाच्या लेखी मराठी ही केवळ अभ्यासाची बाब ठरते. याउलट एखादा संपूर्ण विषयच मराठीतून शिकवला, तर भाषेला काम मिळते. त्यासाठी मी परिसर अभ्यास किंवा विज्ञान सुचवेन. बालभारतीची पाठ्यपुस्तके पीडीएफ स्वरूपात विनामूल्य उतरवून घेता येतात. मात्र मुलाच्या वयाची इयत्ता न पाहता त्याच्या वाचनाची पायरी पाहून पुस्तक घ्यावे. दहा वर्षांच्या मुलाने तिसरीचे पुस्तक वाचण्यात काहीही कमीपणा नाही. प्रयोगांसाठी अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर टाकाऊ वस्तूंपासून करायची खेळणी आणि अनेक मराठी पुस्तके आहेत. कोलोरॅडो विद्यापीठाच्या ‘फेट’ प्रकल्पातील, संगणकावर करून पाहायच्या प्रयोगांच्या कित्येक प्रतिकृती मराठीतही उपलब्ध असून, विद्युतमंडलातला दिवा पडद्यावर पेटवताना ‘रोध’ आणि ‘विभवांतर’ हे शब्द मुलाच्या कानावर सहज पडतात. पालकांनाही ते नव्याने आठवावे लागतात, हे वेगळे सांगायला नको.

वाचनासाठी प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर पायऱ्यांनुसार लावलेल्या मराठी गोष्टी आहेत. त्या मुक्त परवान्याखाली असल्याने छापून घेता येतात, आणि त्याच व्यासपीठावर भाषांतरही करता येते. ज्या मुलाला इंग्रजी चांगले येते, त्याला एखादी छोटी गोष्ट मराठीत आणायला सांगावे. शुद्धलेखनाच्या पानभर सरावापेक्षा हे काम अधिक शिकवते, कारण तेथे प्रत्येक वाक्याचा अर्थ समजून घ्यावाच लागतो. थोड्या मोठ्या मुलांसाठी 1971 पासून निघणाऱ्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक आहेत. संदर्भासाठी मराठी विश्वकोश आहे, पण त्याची भाषा जड असल्याने नोंद पालकांनी सोबत बसून वाचावी.

सशुल्क अभ्यासक्रम विकत घेण्यापूर्वी नमुना पाठ मागून घ्यावा आणि तो मुलासोबत पूर्ण करून पाहावा. वर्षभराचे शुल्क एकदम भरण्याची घाई करू नये.

मूल तेरा-चौदा वर्षांचे झाले की परीक्षेचा विचार साधनांच्या आधी येतो. केंब्रिजची आयजीसीएसई ही साधारण दहावीच्या पातळीची परीक्षा खासगी उमेदवार म्हणून, म्हणजे शाळेत नाव नसताना, देता येते आणि विज्ञानात प्रयोगशाळेतील प्रात्यक्षिकाऐवजी लेखी प्रश्नपत्रिकेचा पर्याय असतो. तरीही खासगी उमेदवार स्वीकारणारे केंद्र जवळपास आहे का, याची चौकशी पुस्तके मागवण्यापूर्वीच करावी, कारण प्रत्येक केंद्र प्रत्येक विषय घेत नाही.