जुन्या लॅपटॉपवर दोन ग्राफिक्स कार्डं लावताना
आधी एक गैरसमज काढून टाक: ४-४ जीबीची दोन कार्डं म्हणजे ८ जीबी मेमरी नव्हे. दोन्हींत तोच डेटा भरला जातो, म्हणजे गेमला मिळणार ४ जीबीच.

कार्डाचा जुना ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) सेफ मोडमध्ये, म्हणजे विंडोज गरजेपुरतंच चालू करून, पुरता काढ, मग नवा टाक. चार्जर मूळचाच लाव. एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये एसएलआयचा (दोन कार्डं मिळून एकच गेम चालवायची एनव्हिडियाची सोय) पर्याय दिसत नसेल, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये दोन्ही कार्डं आहेत ना ते बघ. एकच दिसलं तर ड्रायव्हरच्या मागे लागू नकोस, दुसरं कार्ड नीट बसलंय का ते तपास.

एनव्हिडियाने २०२१ पासून नवी एसएलआय प्रोफाइल (त्या-त्या गेमला दोन्ही कार्डं वापरता यावीत म्हणून ड्रायव्हरमध्ये असणारी सेटिंग) देणं थांबवलंय, त्यामुळे बऱ्याच नव्या गेममध्ये दुसरं कार्ड नुसतं बसून राहतं. गेम अडखळला तर सरळ एका कार्डावर खेळ. सेकंदाला अडखळत्या ६० फ्रेमपेक्षा मला सलग ४५ बऱ्या वाटतात.