प्रवासी विमान वर वर नेत राहिलं तर ते अंतराळात पोहोचेल का?

नाही पोहोचणार, पण प्रश्न झकास आहे.

प्रवासी विमान साधारण १० ते १२ किलोमीटर उंचीवर उडतं. तिथे हवेची घनता जमिनीजवळच्या जेमतेम पाव ते एक तृतीयांश असते. आणखी वर गेलात की दोन्हीकडून कोंडी होते: इंजिनाला जाळायला ऑक्सिजन पुरत नाही आणि पंखांना उचलून धरायला हवा उरत नाही. वेग वाढवून थोडी भरपाई होते, पण १०० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे जिथे अंतराळाची सीमा मानतात तिथे, पंखांवर तरंगायला लागणारा वेग जवळजवळ कक्षेत फिरण्याच्या वेगाइतकाच होतो. मग पंख लागतातच कशाला?

तरीही पंख असलेलं एक यान खरंच तिथवर गेलंय. अमेरिकेचं एक्स-१५. बी-५२ बॉम्बरच्या पंखाखाली टांगून ते वर नेत आणि हवेतच सोडून देत. इंजिन रॉकेटचं, त्यामुळे द्रवरूप ऑक्सिजन स्वतःच्याच टाकीत. १९६३ मध्ये वैमानिक जो वॉकर ते जवळपास १०८ किलोमीटरवर घेऊन गेला. मला सगळ्यात भारी वाटतं ते हे: तिथे शेपटीचं सुकाणू हलवून काही उपयोग नव्हता, म्हणून नाक वळवायला हायड्रोजन पेरॉक्साइडवर चालणारे छोटे झोत बसवले होते!

अर्थात, वर पोहोचणं वेगळं आणि तिथे टिकणं वेगळं. कक्षेत राहायला ताशी सुमारे २८,००० किलोमीटर वेग लागतो. आपलं विमान ताशी ९०० च्या आसपास.