‘डेक्कन ट्रॅप’मधला ट्रॅप कोणता?

नागपूरच्या एका पालकांनी विचारले आहे की, मुलीच्या भूगोलाच्या धड्यात ‘डेक्कन ट्रॅप’ असे नाव आले. लाचखोर पकडण्यासाठी लावतात तो ‘ट्रॅप’ ठाऊक आहे, पण दख्खनमध्ये नेमके काय सापडले म्हणून हे नाव पडले?

या नावातल्या ट्रॅपचा सापळ्याशी संबंध नाही. स्वीडिश भाषेत ‘ट्राप्पा’ म्हणजे जिना. पायऱ्या-पायऱ्यांनी चढत जाणाऱ्या काळ्या खडकाला तिकडच्या खनिजशास्त्रज्ञांनी अठराव्या शतकात ‘ट्राप’ म्हणायला सुरुवात केली आणि तो शब्द इंग्रजीत ‘ट्रॅप’ होऊन रुजला. आपल्याकडे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भेगांतून उसळलेल्या लाव्हाचे थर एकावर एक साचले. प्रत्येक थराचा मधला भाग घट्ट आणि वरचा सच्छिद्र असल्यामुळे मऊ भाग लवकर झिजतो, घट्ट भाग कड्यासारखा उभा राहतो आणि डोंगराला आपोआप पायऱ्या पडतात. परतवाड्याहून चिखलदऱ्याला जाताना घाट चढू लागला की गाविलगडच्या डोंगराच्या कडेवर या पायऱ्या दिसतात. तेथे मुलीला खिडकीजवळ बसवावे, कोशापेक्षा ते उत्तर सोपे आहे.

सापळा या अर्थाचा इंग्रजी ‘ट्रॅप’ मात्र जुन्या इंग्रजीपासूनचा, म्हणजे या खडकवाचक शब्दापेक्षा कितीतरी जुना आहे. तरीही जिना या अर्थाचा जर्मन ‘ट्रेप्पे’ त्याच्याच गोतावळ्यातला मानला जातो, कारण दोहोंच्या मुळाशी पाय टाकण्याची, तुडवण्याची कल्पना असावी. आपल्या ‘पायरी’तही पाय आहेच. सामानसुमान या अर्थाचा ‘ट्रॅप्स’ हा आणखी निराळा शब्द असून तो कापड या अर्थाच्या फ्रेंच ‘द्रा’शी जोडला जातो, घोड्याच्या झुलीला ‘ट्रॅपिंग्ज’ म्हणतात तेही त्याच घराण्यातले.

मराठीत कोणी ‘दख्खनचा सापळा’ असे भाषांतर केले तर घोटाळा दुप्पट होतो, कारण आपला ‘सापळा’ हाडांचाही असतो. भूशास्त्रात खरा सापळा या अर्थाचा ट्रॅपही आहे : खनिज तेल वर सरकताना ज्या खडकरचनेखाली अडून साठते, ती रचना. म्हणून नुसते ‘ट्रॅप’ लिहिलेले दिसले की संदर्भ पाहावा. खडकाबद्दल काटेकोर लिहायचे असेल तर ‘बेसाल्ट’ म्हणावे. ‘ट्रॅप’ हे त्यामानाने सैल, पण रूढ नाव आहे, आणि ‘काळा पाषाण’ म्हटले तरी गावातल्या माणसाला कळते.

नागपूर या लाव्हाप्रदेशाच्या पूर्व कडेवर वसले आहे. बर्डीची टेकडी ट्रॅपची, तर शहराच्या पूर्वेकडचे खडक त्याहून फार जुने. दोन लाव्हाथरांच्या मध्ये तळ्यांतला गाळ साचून झालेल्या थरांना ‘इंटरट्रॅपियन’ म्हणतात, आणि नागपुरातल्या टाकळीच्या अशाच थरांतले जीवाश्म १८५०च्या दशकात स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्याने गोळा केले होते. इंटरट्रॅपियन म्हणजे दोन सापळ्यांमधले नव्हे, दोन पायऱ्यांमधले. पण त्या थरांत गोगलगायींचे शंख अडकून राहिलेच आहेत, त्यामुळे मुलीच्या शंकेला हसू नये.