स्कार्लेट फिव्हर ओळखताना डोळ्यांआधी हात वापरा

पुरळ दिसलं की सगळे आधी गोवर म्हणतात. तुम्ही मात्र मुलाच्या पोटावरून हलकेच बोटं फिरवून बघा. बारीक पॉलिश पेपरसारखं खरखरीत लागलं, तर स्कार्लेट फिव्हरची शंका घ्या. सावळ्या त्वचेवर लाली चटकन दिसत नाही, पण खरखर हाताला कळतेच.

हा स्ट्रेप्टोकोकस जिवाणूचा आजार, बहुतेक ५ ते १५ वर्षांच्या मुलांना होणारा. सुरुवात घसादुखी आणि तापाने होते. कधी उलटी, पोटदुखीही. १-२ दिवसांत पुरळ उठतं. काखेत, कोपराच्या घडीत, जांघेत ते जास्त गडद असतं. गाल लाल, पण ओठांभोवतीची त्वचा फिकी. जीभ रोज बघा: आधी पांढरा थर आणि त्यातून वर आलेले लाल दाणे, मग थर निघून ती स्ट्रॉबेरीसारखी लालभडक. नाक गळणं, खोकला जास्त असेल तर कारण बहुधा दुसरं असतं.

पुरळावर काचेचा ग्लास दाबा. डाग फिके झाले नाहीत तर तडक इस्पितळ गाठा, तो वेगळा आणि गंभीर आजार असू शकतो. फिके झाले तरी डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवा.

अँटिबायोटिकचा कोर्स साधारण १० दिवसांचा असतो. तिसऱ्या दिवशी मूल खेळायला लागतं आणि औषध सुटतं, इथेच घोळ होतो. अर्धवट उपचाराने पुढे संधिवाताचा ताप येऊन हृदयाच्या झडपा खराब होऊ शकतात. आठवड्याभराने बोटांच्या टोकांची सालं निघतील. त्याला घाबरू नका. लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली किंवा चेहरा सुजला, तर मात्र लगेच दाखवा.