नवीन नर्स आहे, रात्री डॉक्टरांना फोन करायची भीती वाटते. काय करू?

जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) होऊन नागपुरात लागून दोनच महिने झालेत आणि मागच्या खेपेला सर फोनवर चिडले, असं तुम्ही लिहिलंय. मी इथेच 19 वर्षं वॉर्डात आहे. शंका आली की फोन लावायचाच, चिडले तर चिडू द्या.

फक्त आधी बेडपाशी जाऊन बीपी, पल्स, ऑक्सिजन, लघवी बघून कागदावर लिहा. ‘पेशंटला बरं वाटत नाहीये’ एवढ्यावरून झोपेतून उठलेल्या माणसाला काय कळणार? असं सांगा: ‘सर, बेड 7. काल पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. तासाभरात बीपी 130/80 चं 90/60 झालंय, पल्स 118, चार तासांत लघवी फक्त 60 मिली. मला आत ब्लीडिंगची शंका येतेय. तुम्ही येऊन बघा. तोवर काय सुरू करू?’

याला एसबीएआर म्हणतात: आत्ताची परिस्थिती, आधीची पार्श्वभूमी, तुमचा अंदाज आणि काय हवंय, या क्रमाने सांगायचं. ही रीत अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांवरून दवाखान्यांत आली. नव्या मुली ‘शंका येतेय’ आणि ‘येऊन बघा’ ही दोन वाक्यं गिळतात, ‘मी कोण सांगणारी’ म्हणून. अहो, त्या क्षणी पेशंटजवळ तुम्हीच असता!

फोनवर मिळालेली ऑर्डर मात्र लगेच लिहून परत वाचून दाखवा. मी नवीन असताना धंतोलीतल्या एका छोट्या दवाखान्यात रात्री इन्सुलिनची ऑर्डर घेतली. सर म्हणाले ‘सिक्स्टीन’, मी ऐकलं ‘सिक्स्टी’. 40 युनिटची सिरिंज पूर्ण भरली आणि उरलेल्या 20 साठी दुसरी फोडायला घेतली. इन्चार्ज सिस्टर औषधांच्या ट्रॉलीपाशी होत्या. ‘दुसरी कशाला गं?’ त्यांनी विचारलं आणि माझ्या हातातून दोन्ही काढून घेतल्या. परत फोन केला तेव्हा खरा आकडा कळला. ते आजोबा सकाळी चहा पीत बसले होते, मी त्यांच्याकडे बघू शकले नाही.

तेव्हापासून मी ‘सोळा, एक-सहा’ असं म्हणते आणि पलीकडून ‘हो’ आल्याशिवाय फोन ठेवत नाही. घाईतल्या डॉक्टरांनाही दोन दिवसांत सवय होते.

इन्सुलिनची बाटली 40 ची आहे की 100 ची (म्हणजे एका मिलीत किती युनिट), तेही दर वेळी वाचा. 100 च्या बाटलीतून 40 च्या लाल टोपीच्या सिरिंजने काढलं, तर डोस अडीच पट जातो.