उधमपूरला थांबून ठरव

प्रिय पोरा,

अनेक आशीर्वाद. तुझा फोन आला तेव्हा मी कळंबोलीच्या स्टील मार्केटमध्ये होतो. गलबल्यात धड बोलता आलं नाही, म्हणून लिहितोय. जानेवारीत श्रीनगरचं भाडं मिळतंय, पैसे बरे आहेत, जाऊ का, असं विचारलंस. जम्मूच्या पुढच्या उधमपूरपर्यंत बेलाशक जा. त्यापुढचं इथे नवी मुंबईत बसून ना तू ठरवू शकतोस, ना मी, ना तुझा मालक.

कसारा, खंडाळा, घोडबंदरचा गायमुख घाट, सगळं तू भर जुलैत काढलंयस. मला काळजी वाटते ती त्यामुळेच. पावसाचा अंदाज डोक्यात ठेवून तू बर्फावर जाशील. ओल्या रस्त्यावर टायर थोडं तरी धरतं. बर्फावर गाडी थांबायला कोरड्या रस्त्याच्या दहापट अंतर लागू शकतं. पांढरा बर्फ निदान दिसतो. दिवसा वितळलेलं पाणी रात्री डांबरावर काचेसारखं गोठतं, त्यातून खालचं डांबर आरपार दिसतं आणि रस्ता नुसता ओला वाटतो. रस्ता ओला दिसतोय, पण पुढच्या गाडीच्या चाकांतून पाणी उडत नाही, तर तो बर्फ समज. पूल सगळ्यात आधी गोठतात, कारण त्यांना वरून-खालून थंड वारा लागतो. आणि पारा चढून शून्यावर आला म्हणून निर्धास्त होऊ नकोस. कडक थंडीतल्या बर्फापेक्षा शून्याच्या आसपासचा बर्फ जास्त निसरडा असतो.

एका हिवाळ्यात मी काश्मीर खोऱ्याच्या तोंडावरच्या काझीगुंडहून रिकामी गाडी घेऊन खाली येत होतो. जम्मूला परतीचा माल तयार होता, मालकाचा तासातासाला फोन. पहाटेचे पाच वाजले होते. रिकामी गाडी हलकी, ती सहज आवरेल असं मला वाटायचं. मागच्या चाकांवर वजनच नाही, तर ती धरणार कशी, हा विचार केला नाही. बनिहालच्या खाली एका लहान पुलावर एक्झॉस्ट ब्रेक, म्हणजे इंजिनाचा धूर कोंडून वेग उतरवणारा ब्रेक, लावला. मागची चाकं अडली, गाडी आडवी झाली आणि कठड्याला भिडली. क्लिनरचं खांद्याचं हाड मोडलं. तुझ्याच वयाचा होता तो. त्याच्या आईला फोन मी केला, मालकानं नाही. ढाब्यावर आणखी चार तास थांबलो असतो तर ऊन आलं असतं. ते चार तास मी अजून मोजतो.

म्हणून सांगतो, निर्णय घ्यायचा तो गाडी लावायला जागा असते तिथे. उधमपूरला ती आहे. चेनानी-नाशरीचा बोगदा ओलांडलास की रामबनकडे एका अंगाला डोंगर आणि दुसऱ्या अंगाला चिनाब. रांगेत अडकलास तर गाडी वळवताही येत नाही, आणि पाऊस-बर्फात वरून दगड येतात. जड वाहनं कुठल्या बाजूनं सोडणार हे तिथले वाहतूक पोलीस रोज जाहीर करतात, ते बघच. पण रस्ता खुला आहे म्हणजे तुझ्या गाडीला तो आज झेपेल असं नाही. टायरची नक्षी झिजलीय, बर्फात टायरवर चढवायच्या साखळ्या नाहीत किंवा तुझी झोप झालेली नाही, यातलं एक जरी असलं तरी तिथेच थांब. वरून नुकत्याच उतरलेल्या ड्रायव्हरला विचार, पहाटे पुलांवर काय होतं. निघालासच, तर बनिहालहून काझीगुंडला निघणाऱ्या नवयुग बोगद्यात ध्यान ठेव. साडेआठ किलोमीटर आत कोरडं असतं, पाय सैल सुटतो. काझीगुंडचं तोंड यायच्या आधीच वेग कमी कर. उतारावर डिझेल वाचवायला न्यूट्रल करायची तुझी सवय मला माहीत आहे. ती इथेच सोडून जा.

मालक ओरडेल, ओरडू दे. हॉल्टिंगचे, म्हणजे गाडी थांबून राहिली तर मिळायचे, पैसे निघण्याआधी ठरव आणि मेसेजवर लिहून घे. ई-वे बिलाची, म्हणजे माल नेण्याच्या ऑनलाइन परवान्याची, मुदत संपेल या धास्तीनं घाट चढू नकोस. मुदत संपण्याच्या ८ तास आधीपासून ८ तास नंतरपर्यंत ती वाढवून मिळते.

रात्री मुक्काम पडला तर काचा लावून केबिनमध्ये शेगडी पेटवू नकोस. त्या विषारी वायूला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. सपाट जागी गाडी गिअरमध्ये ठेव, चाकांना दगड लाव. ब्रेक ओले असताना हँडब्रेक ओढून ठेवलास तर लायनर ड्रमला गोठून चिकटतात. ब्रेकच्या हवेच्या टाकीत साठलेलं पाणी रोज काढ.

माझ्या जुन्या साखळ्या घरी पडून आहेत. तुझ्या टायरचा नंबर कळव, बसल्या तर घेऊन जा. निघायच्या आदल्या दिवशी कळंबोलीला ये, हातमोजे घालून दोनदा चढवून-उतरवून घेतो तुझ्याकडून.

तुझा,
काका